तुपाची बरणी, करडईचा डबा आणि खारीचा पुडा

पत्र : नमस्कार मॅडम. मी बार्शीची. यजमानांचं वय ५४, मार्केट यार्डात आडत दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखायला लागलं म्हणून सोलापूरला नेलं. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होतं, गोळ्यांवर आता ७४ आलंय. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. घरी सोडताना कागदावर 'लो फॅट डाएट' एवढंच लिहून दिलं. तेव्हापासून भाज्या जवळजवळ बिनतेलाच्या करते. ते दोन घास खाऊन उठतात आणि पाच वाजता चहाबरोबर खारी-टोस्ट खातात. सासूबाई (वय ७८) म्हणतात, घरचं तूप औषध असतं, तुझे सासरे वाटीभर तूप खाऊन नव्वदीपर्यंत जगले. पुण्याचा मुलगा म्हणतो, करडईचं तेल विष आहे, खोबरेल वापर. शेजारच्या वहिनी ऑलिव्ह ऑइल आणा म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तेल-तूप पाइपात साचतं, कमी करा. आत नक्की काय होतं? आणि मी फोडणी कशात घालू? ता. क. : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना जवसाची चटणी चालेल का?

उत्तर : ताई, फोडणी शेंगदाणा तेलात किंवा करडईच्या तेलात घाला, आणि बिनतेलाची भाजी आजपासून बंद करा. सविस्तर सांगतेच, पण स्वयंपाक त्यासाठी थांबायला नको.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : दोन घास खाऊन उठतात आणि पाच वाजता खारी खातात. भाजीतलं चांगलं तेल गेलं आणि त्याच्या जागी खारीतला मेद आला. स्निग्ध पदार्थ आणि हृदय यांवर गेली साठ-सत्तर वर्षं जे भांडण चाललंय, त्यातला निम्मा गोंधळ इथेच आहे. काय काढलं ते सगळे सांगतात, त्या जागी काय आलं ते कुणी विचारत नाही.

आधी आत काय होतं ते पाहू. पाइपाची उपमा डॉक्टर वेळ वाचवायला देतात, रांगेत चाळीस पेशंट असतात, त्यांना दोष देत नाही. पण खाल्लेलं तूप रक्तातून वाहत जाऊन धमनीला आतून चिकटत नाही. घडतं ते भिंतीच्या पोटात. जुन्या घरात भिंतीत ओल मुरते, वरून रंग शाबूत दिसतो, मग कुठेतरी फुगारा येतो आणि एक दिवस पोपडा सुटतो, तशी ही तऱ्हा आहे.

धमनीला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. एवढं पातळ, पण कामाला वाघ. रक्त जोराने वाहू लागलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने भिंतीतला स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त मिळतं ते यामुळे. हे कोडं सोडवणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी देतात ना, तीही शरीरात जाऊन हाच वायू पुरवते. (गंमत म्हणजे ज्या नायट्रोग्लिसरीनच्या सुरुंगांवर आल्फ्रेड नोबेल श्रीमंत झाले, तेच त्यांना म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर औषध म्हणून लिहून दिलं होतं.)

हे अस्तर धड असेल तर भिंत बऱ्यापैकी सुरक्षित राहते. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वाईट आहार यांनी ते आजारी पडलं की एलडीएलचे कण त्यातून आत झिरपतात आणि तिथेच अडकतात. अडकलेले कण खराब होतात. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, कोलेस्टेरॉल खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्या ढिगाऱ्यावर शरीर एक जाळीदार झाकण चढवतं. झालं प्लाक तयार. हे झाकण फाटलं की रक्ताला वाटतं जखम झाली, लगेच गुठळी धरते, आणि हार्ट अटॅक येतो. पुष्कळदा फाटतो तो प्लाक सगळ्यात मोठा नसतो. म्हणून स्टेंट बसला म्हणजे काम फत्ते, असं समजू नका. स्टेंटने एक जागा मोकळी केली. बाकीच्या धमन्यांच्या भिंतींना ५४ वर्षं तेच रक्त मिळालेलं आहे.

आता यात तेल-तुपाचा हात कुठे लागतो? मुख्यतः यकृतात. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढून घेणारे ग्राहक असतात, रिसेप्टर. अमेरिकेत डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना त्यांच्या शोधासाठी १९८५चं नोबेल मिळालं. संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत भरपूर असणारं सॅच्युरेटेड फॅट, हे ग्राहक कमी करतं. मग एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि भिंतीत शिरायला त्याला जास्त संधी मिळतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांतला असंपृक्त मेद नेमका उलटा वागतो. तुमचा मुलगा इंटरनेटवर काहीही ऐको, आहार बदलून एलडीएल मोजण्याचे प्रयोग इतक्या वेळा आणि इतक्या देशांत झालेत की एवढ्या मुद्द्यावर वाद उरलेला नाही.

दुसरा परिणाम काही तासांतच दिसतो. १९९७ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना एक दिवस ५० ग्रॅम मेद असलेली न्याहारी दिली आणि एक दिवस तितक्याच उष्मांकांची बिनमेदाची. दंडाला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटं आवळून सोडला की धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजता येतं. तेलकट न्याहारीनंतर काही तास ती नीट रुंदावेना. माणसं जेमतेम दहा होती, त्यामुळे त्यावर किल्ला बांधायला नको. पण लग्नाच्या पंगतीत जड जेवून लगेच पोती उचलायला जाऊ नये, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता खारी. खारीला पदर सुटतात कारण पिठाच्या थरांमध्ये घट्ट मेद लाटलेला असतो. पातळ तेलाने पदर सुटत नाहीत. हा घट्टपणा पूर्वी वनस्पती तुपातून यायचा, आपल्याकडे १९३७पासून घरोघरी पोचलेला डालडा. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतं. कित्येक वर्षं लोकांना वाटायचं, वनस्पतीपासून बनलंय म्हणजे लोण्यापेक्षा बरं. १९९०मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कटान यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की ट्रान्स फॅटने एलडीएल वाढतं आणि वर एचडीएल कमीही होतं. तूप निदान एचडीएल पाडत नाही. रक्तवाहिन्यांसाठी सगळ्यात वाईट मेद कोणता, याचं उत्तर तेव्हापासून बदललेलं नाही. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. २०२१पासून ३ टक्के, जानेवारी २०२२पासून २ टक्के. फार चांगलं झालं. पण बेकरीला घट्ट मेद तर हवाच, मग ट्रान्सच्या जागी आता बहुतेक ठिकाणी पामतेलापासून केलेला मेद आला, आणि पामतेल निम्मं संपृक्त असतं. शिवाय खारीत मैदा आहे, मीठ आहे. आणि गल्लीतल्या छोट्या भट्टीत नक्की काय वापरतात, हे बघायला कुणी जात नाही.

तेव्हा पाच वाजताची खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं बंद. त्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, एखादं फळ. शेंगदाणा निम्मा तेलच असतो, हे ठाऊक असूनच सांगते आहे. त्यातलं बहुतेक तेल असंपृक्त असतं, आणि दाण्याबरोबर प्रथिनं आणि चोथा येतो. दुपारच्या भाजीत तेल असलं की पाच वाजता तेवढी भूकही लागणार नाही.

अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराची कित्येक वर्षं नोंद ठेवली गेली आहे. २०१५ साली ती नोंद या दृष्टीने तपासली. संपृक्त मेदातून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी थोडे, एकूण आहाराच्या पाच टक्के, काढून त्या जागी बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड), म्हणजे करडई-सूर्यफुलासारखं तेल आलं तर हृदयविकाराचा धोका सुमारे पाव हिस्सा कमी दिसला. त्या जागी संपूर्ण धान्यं आली तरी थोडा फायदा दिसला. मैदा आणि साखर आली तर काहीच फायदा नाही. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. पण तुमच्या घरात गेले दोन महिने जे चाललंय ते मला त्यात लख्ख दिसतं.

सासूबाईंच्या बरणीकडे येते. तुपात साठ टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेद असतो. एक छोटा चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम, त्यात साधारण ३ ग्रॅम संपृक्त. तुमच्या यजमानांसारख्या माणसाला दिवसभरात सगळीकडून मिळून १२-१३ ग्रॅम संपृक्त मेद पुरे. मग गरम वरण-भातावर किंवा ज्वारीच्या भाकरीवर एक चमचा तूप मी काढून घेणार नाही. ७८ वर्षांच्या बाईने आपल्या हाताने कढवलेलं तूप मुलाच्या ताटातून पूर्ण हद्दपार केलं तर घरात जे होईल त्यानेही रक्तदाब वाढतोच. पण एक चमचा म्हणजे एकच, चहाचा. वाटी नाही, आणि 'औषध' तर नाहीच. तुपाने ब्लॉकेज विरघळतात हे मोबाईलवरून आलं असेल तर तिथेच सोडून द्या.

सासऱ्यांचं म्हणाल, तर ते नव्वदीपर्यंत जगले याचा आनंद आहे. पण त्याच गावात त्याच तुपावर पन्नाशीत गेलेल्यांची आठवण कोण काढतो? शिवाय ते दिवसभर गादीवर बसून फोनवर भाव ठरवत नसणार. चहा-खारीही त्यांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. सासूबाईंना हे माझं नाव सांगून सांगा, तुमच्यावर घेऊ नका.

दुधाचा हिशोब मात्र तुम्ही लिहिलाच नाही. बरणी घरच्या तुपाची म्हणजे घरात म्हशीचं दूध येत असणार. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के मेद असतो. चहा, दूध, दही मिळून एका माणसाच्या पोटात अर्धा लिटर जात असेल तर तो ३० ग्रॅमच्या वर गेला, त्यातला २० ग्रॅम संपृक्त. म्हणजे तुपाचा चमचा मोजत बसायचं आणि इकडे कपाकपातून सहा चमचे जायचे. त्यांच्यापुरतं गाईचं किंवा टोन्ड दूध आणा, नाहीतर तापवून, गार करून, जाड साय पूर्ण काढून वापरा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुधातला सगळा मेद सारखा वागत नाही. २०१५ साली स्वीडनमध्ये काही माणसांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाचा मेद दिला. काहींना साय म्हणजे क्रीमच्या रूपात, काहींना निव्वळ लोणीतेलाच्या रूपात, जे आपल्या तुपाच्या फार जवळचं आहे. लोणीतेलवाल्यांचं एलडीएल वाढलं, क्रीमवाल्यांचं वाढलं नाही. दुधात प्रत्येक मेदकणाभोवती एक नाजूक पापुद्रा असतो, तो घुसळताना आणि कढवताना जातो. फरक त्यामुळे पडत असावा, असा संशोधकांचा कयास. म्हणून दह्या-ताकाला मी तुपाइतकी कडक नाही. साय काढलेल्या दुधाचं घरचं दही रोज खाऊ द्या.

आता तुमचे चिरंजीव. ते 'विष' म्हणतात त्याला एक खराखुरा धागा आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना लोणी आणि इतर प्राणिज मेदाच्या जागी करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, दिलं. हो, आपली करडईच. २०१३मध्ये ती जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की तेलवाल्या गटात १७.६ टक्के माणसं दगावली आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. बियांच्या तेलाविरुद्ध जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा ही चाचणी असते.

पण त्या माणसांना किती दिलं होतं? दिवसाच्या उष्मांकांपैकी १५ टक्के बहुअसंपृक्त मेदातून, म्हणजे मुख्यतः त्यातल्या लिनोलेइक आम्लातून, मिळावेत असा बेत होता. आपल्या साध्या करडईच्या तेलात ते पाऊण हिस्सा असतं. म्हणजे तुमच्या यजमानांना रोज चाळीस ग्रॅम करडई तेल पाजल्यासारखं झालं, आणि जोडीला ओमेगा-३, म्हणजे मासळी-जवसात असतो तो मेद, नाही. शिवाय त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट किती होतं यावर अजून वाद आहे. मी तुम्हाला सांगणार आहे ते दिवसाला दहा ग्रॅम. आणि सिडनी हा एकच खेळ नाही. ऑस्लो, लॉस एंजेलिस, फिनलंड इथल्या त्याच सुमाराच्या चाचण्यांत लोण्याच्या जागी वनस्पती तेल आल्यावर फायदा दिसला. संपृक्त मेद किमान दोन वर्षं कमी ठेवणाऱ्या सगळ्या चाचण्या एकत्र करून २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने मांडणी केली, तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांचे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरले. मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही, हेही त्यातच लिहिलंय. चमत्कार नाही, पण विषही नाही.

खोबरेल मात्र मुलाने चुकीचं निवडलं. त्यात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद असतो, तुपापेक्षाही जास्त. 'त्यातला मेद वेगळा, लगेच जळून जातो' हे सांगतात ते बाटलीत स्वतंत्र मिळणाऱ्या एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाच्या, तेलाबद्दल खरं आहे. खोबरेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं आणि ते बरंचसं इतर लांब साखळीच्या मेदांसारखंच प्रवास करतं. इतर वनस्पती तेलांशी तुलना केलेल्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा खोबरेलाने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त भरलं. तुमचे यजमान गोळी घेऊन जे कमवतात त्यातले दहा परत द्यायचे कशाला? एचडीएलही वाढतं म्हणतील. औषधाने एचडीएल वाढवून अटॅक टाळायचे मोठे प्रयत्न फसले आहेत, त्यामुळे त्या आकड्यावर कुणी समाधान मानू नये. कोकणातला माणूस खोबरं खातो तर त्याबरोबर मासळी आणि कष्टही असतात, हा निराळा संसार आहे. तुमच्या काळ्या मसाल्यातल्या सुक्या खोबऱ्याला हात लावायची गरज नाही, ते किती जाणार पोटात!

ऑलिव्ह तेल चांगलंच. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत सात हजारांवर माणसं होती. ती आधी २०१३मध्ये छापली, पद्धतीत चुका निघाल्यामुळे मागे घेतली आणि २०१८मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापली. निष्कर्ष तोच राहिला : ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा मिळालेल्यांत झटके साधारण ३० टक्के कमी. पण त्या लोकांनी त्यांच्या भागात पिकणारं तेल खाल्लं. तुमच्या भागात शेंग आणि करडई पिकते. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ऑलिव्हमधलाच ओलेइक मेद असतो. त्याला ऑलिव्हइतका मोठा पुरावा पाठीशी नाही, पण महागडी बाटली आणून ती जपून वापरण्यापेक्षा रोजच्या ताटातलं तेल ठीक करणं मला शहाणपणाचं वाटतं. वहिनींना दुखवू नका, एखादी बाटली आली तर कोशिंबिरीवर घाला.

मग तिघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल आणि पाव किलो तूप, एवढाच साठा काढायचा. माणशी दिवसाला २३ ग्रॅमच्या आसपास येतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही बैठ्या माणसाला साधारण याच घरातलं प्रमाण सांगते, आणि एकच तेल धरून बसण्यापेक्षा तेलं मिसळून वापरा म्हणते. एक लिटर शेंगदाणा, एक लिटर करडई. एक दिवसाआड बदला, किंवा एका वेळी हे, दुसऱ्या वेळी ते. डब्यातून थेट कढईत ओतायचं सोडा, चमच्याने घाला, हातात अंदाज बसेपर्यंत. घाण्याचं की रिफाइंड? मेदाची जात दोन्हीत तीच राहते, घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते. घ्यायचं तर निवडक, न बुरसलेल्या शेंगांचं करून देणारा घाणा बघा, कारण बुरशीचं विष तेलात उतरतं. डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं म्हणावं इतकं कमी असतं.

तळण मात्र करडईत नको. बहुअसंपृक्त तेल वारंवार तापवलं की लवकर बिघडतं. सणाला तळायचं तर शेंगदाणा तेलात, कढईत लागेल तेवढंच ओतून. उरलेलं तेल गाळून एखाद्या वेळी फोडणीला चालेल, पण त्यात पुन्हा पुन्हा भजी नकोत. तळून तळून काळं, दाट, फेसाळ झालेल्या तेलात जे ध्रुवीय पदार्थ तयार होतात त्यांची २५ टक्क्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हॉटेलांना २०१८पासून घातली आहे. स्पेनमधल्या एका गावात घराघरांतल्या स्वयंपाकाच्या तेलाचे नमुने तपासले, तेव्हा ज्यांच्याकडे तेल जास्त बिघडलेलं होतं त्यांच्यात उच्च रक्तदाब जास्त आढळला. यार्डातल्या गाड्यावरचा वडा आणि मिरची भजी याच खात्यात जमा करा. तिथे काळी कढई दिवसभर उतरत नाही.

तुमच्या आकड्यांतले दोन आकडे मात्र तेलाच्या डब्याकडे बोट दाखवत नाहीत. ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३४, ही आपल्याकडची फार ओळखीची जोडी आहे. ती साखर, मैदा, जास्तीचा भात, सुटलेलं पोट आणि बैठं काम यांच्यातून येते. बिनतेलाच्या भाजीने ती सुधारत नाही, उलट पोट पोळी-भातानेच भरल्यामुळे बिघडूही शकते. चहात साखर निम्मी करा, चहाही दिवसातून दोनदाच द्या. एक वेळ ज्वारीची भाकरी. जेवणानंतर यार्डातच अर्धा तास पायी फेरी, डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासलं नसेल तर तपासून घ्या. आणि ते तंबाखू खातात का हे तुम्ही लिहिलं नाही. खात असतील तर वरचं सगळं त्याच्यानंतर. अस्तराचं जेवढं नुकसान तंबाखू करतो तेवढं सासूबाईंची बरणी करू शकत नाही.

गोळ्यांबद्दल एक ठाम सांगते. आहाराने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं, कोलेस्टेरॉलची गोळी पुऱ्या मात्रेत निम्म्यावर आणते. स्टेंट बसलेल्या माणसाचं एलडीएल ५५च्या खाली असावं, असा आता बहुतेक हृदयतज्ज्ञांचा आग्रह असतो. ७४वरून तिथे पोचायला फोडणी बदलून भागणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, ५५चं काय? मात्रा वाढवायची की दुसरी गोळी जोडायची ते ठरवतील. कुणी म्हणालं, आहार सुधारलाय तर गोळी सोडा, तर ऐकू नका. आहारात केलेल्या बदलाला सहा ते आठ आठवडे द्या आणि मग त्याच लॅबमध्ये, रात्रभर उपाशीपोटी, लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. ट्रायग्लिसराइड चढं असताना उपाशीपोटीचा आकडा जास्त भरवशाचा. तो कागद सासूबाई आणि मुलगा दोघांना दाखवा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं जाईल.

ताजा कलमात तुम्ही जवसाच्या चटणीचं विचारलंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना चालेल का म्हणून. चालेल. रोज एक मोठा चमचा जवस, म्हणजे दहा ग्रॅम, यातून दोन ग्रॅमच्या वर वनस्पतीतलं ओमेगा-३ मिळतं. माशांतल्या ओमेगा-३ मध्ये त्याचं रूपांतर थोडंच होतं, पण शाकाहारी ताटात एवढा स्वस्त आणि सोपा स्रोत दुसरा नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, मोठ्या मात्रेचं गणित वेगळं असतं. जवस मंद आचेवर भाजून कुटूनच द्यायचं, अख्खं दिलं तर पचत नाही, तसंच बाहेर पडतं. लसूण, लाल तिखट घाला, मीठ बेताचं. आठ-दहा दिवसांत संपेल एवढीच कुटा आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, कारण कुटलेल्या जवसाचं तेल फार लवकर खवट होतं.